छाप, टिळा आणि रंगरेज : आत्यासोबत वसंत पंचमीची दिल्ली

सोमवार : सचखंड एक्सप्रेस

संभाजीनगरहून दिल्लीला जायचे म्हटले की आम्हा मराठवाड्यातल्या लोकांना आधी नांदेड–अमृतसर सचखंड एक्सप्रेस आठवते. सोमवारी दुपारी आम्ही ती पकडली. सोबत माझी आत्या होती. तिचे वय बाहत्तर, गळ्यात तुळशीची माळ, कपाळावर गोपीचंदनाचा उभा टिळा आणि त्याखाली बुक्क्याचा ठिपका. ती कुठेही गेली तरी पिशवीत पितळी मुद्रांची पुरचुंडी असते. सकाळी आंघोळ झाली की ती गोपीचंदन उगाळते आणि शंख-चक्राचे ते दोन ठसे कानशिलांवर आणि दंडांवर उमटवते. लग्नानंतर सासूने दिलेल्या या मुद्रांची धार आता झिजली आहे, त्यामुळे चक्राच्या आऱ्या नीट उठत नाहीत आणि लांबून पाहणाऱ्याला तो नुसता गोल डाग वाटतो.

या प्रवासाचे मूळ एका प्रश्नात होते. दिवाळीत मी घरी 'छाप तिलक सब छीनी रे मोसे नैना मिलाइके' ही कव्वाली ऐकत बसलो होतो. दिवे पुसता पुसता आत्याने विचारले, "ती बाई म्हणते काय? तिचा टिळा कोणी नेला?" मी सगळे देतात तेच उत्तर दिले, की ही अमीर खुसरोंची रचना आहे आणि हिंदू-मुसलमान ऐक्याचे गाणे आहे. त्यावर ती म्हणाली, "ऐक्याचं असेल बाबा, पण आधी टिळा का नेला ते सांग." मला ते सांगता आले नाही. दिल्लीतल्या निजामुद्दीन औलियांच्या ज्या दर्ग्यात हे गाणे पिढ्यान् पिढ्या गायले जाते, तिथे वसंत पंचमीचा सण होतो हे मी वाचलेले होते. मी जाण्याचे ठरवले, आणि "देवीचं दर्शन घडवणार असशील तर मी येते" या अटीवर आत्याही तयार झाली.

या गाडीत वाटेतल्या स्थानकांवर शीख सेवेकरी लंगरचे जेवण वाढतात. भांडे मात्र आपले लागते, म्हणून एक खोलगट डबा वरच्यावर ठेवावा. आमच्या डब्यात रात्री वरण, भात आणि बटाट्याची भाजी पडली. ते जेवताना मला एक गोष्ट सुचली आणि मी ती आत्याला सांगितली. ज्या गुरू ग्रंथसाहिबाच्या नावाने हा लंगर चालतो, त्यात आपल्या नामदेवांची ६१ पदे आहेत आणि त्याच ग्रंथात शेख फरीद यांचे श्लोकही आहेत. हे बाबा फरीद म्हणजे आपण ज्यांच्या दर्ग्यात निघालो आहोत त्या निजामुद्दीन औलियांचे गुरू. आत्याने डब्यातला शेवटचा घास संपवला आणि म्हणाली, "म्हणजे नामदेव महाराज आणि ते एकाच पोथीत राहतात. मग ओळख असेलच."

मंगळवार : बस्तीची पहिली ओळख

गाडी तीन तास उशिरा पोहोचली. भोगलमधल्या एका साध्या हॉटेलात सामान टाकले. निजामुद्दीनला जाणाऱ्यांना ही जागा सोयीची आहे, कारण तिथून रिक्षाने दहा मिनिटांत दर्ग्याच्या तोंडाशी पोहोचता येते. माणसांनी गजबजलेल्या गल्ल्यांचा ज्यांना त्रास होत नाही, त्यांनी रिक्षा मुख्य रस्त्यावरच सोडून आत चालत जावे.

गल्ली आत शिरता शिरता अरुंद होत जाते. दोन्ही बाजूंना गुलाबाच्या पाकळ्यांच्या परड्या, हिरव्या-भगव्या चादरी, इत्तराच्या बाटल्या, बताशे आणि मधूनच निहारीच्या हंड्या दिसतात. परडी घेतली तर दुकानदार चपला सांभाळतो, मात्र दर आधी विचारून घ्यावा. डोके झाकावे लागते, म्हणून रुमाल घरूनच न्यावा.

दर्ग्याची रीत अशी, की आधी खुसरोंच्या कबरीला सलाम करायचा आणि मग त्यांच्या गुरूंकडे जायचे. शिष्याची भेट आधी आणि गुरूची नंतर, हे ऐकून आत्याला नामदेव पायरी आठवली, आणि तुलना चुकीची म्हणता येत नाही. निजामुद्दीन १३२५ मध्ये गेले तेव्हा खुसरो सुलतानासोबत बंगालच्या मोहिमेवर होते. परतल्यावर त्यांनी म्हटला असे मानतात तो 'गोरी सोवे सेज पर, मुख पर डारे केस' हा दोहा आजही लोकांच्या तोंडी आहे. त्याच वर्षी काही महिन्यांनी खुसरोही गेले आणि गुरूंपासून हाकेच्या अंतरावर त्यांना पुरले गेले.

त्या कबरीपुढे उभे राहताना माझ्या मनात थोडी अढी होती, आणि ती लपवून हे लिहिणे बरे नव्हे. मी देवगिरीच्या परिसरातला माणूस आहे. अल्लाउद्दीन खिलजीची देवगिरीवरची पहिली स्वारी १२९६ मधली, आणि ज्ञानेश्वरांची आळंदीची समाधीही त्याच वर्षातली. खुसरो दरबारी कवी होते. 'खजाइनुल फुतूह' या गद्य ग्रंथात त्यांनी खिलजीच्या मोहिमांचे, त्यात मलिक काफूरच्या दक्षिण स्वाऱ्यांचेही, मोठ्या अभिमानाने वर्णन केले आहे. ज्या लेखणीने आमच्या पराभवाचा गौरव केला, तिच्याच नावावर बांगड्या भरलेल्या नवरीच्या तोंडचे हे गाणे आहे. दरबारात पोटासाठी लिहिणारा आणि खानकाहमध्ये, म्हणजे सुफींच्या मठात, गुरूपुढे बसणारा हे एकाच देहात राहणारे दोन वेगळे गृहस्थ होते, असे समजून मी पुढे गेलो. ही समजूत पुरेशी आहे असे माझे म्हणणे नाही.

संध्याकाळी गल्लीतल्या एका छोट्या पुस्तकांच्या दुकानात शिरलो. उर्दू आणि हिंदी पुस्तिकांच्या चळतीमागे एक वयस्क गृहस्थ बसले होते. मी थेट 'छाप' म्हणजे काय असे विचारले. त्यांनी चष्मा काढला आणि आपले बोट वर करून म्हणाले, "छाप यानी अंगूठी, मोहर वाली. दुल्हन के ज़ेवर की बात है, और कुछ नहीं." मग हळूच म्हणाले, "वैसे पूछने वाले हर हफ्ते आते हैं, और हर एक अपना मतलब साथ लाता है." मी कपभर चहा पिऊन निघालो. आत्या बाहेर शीरमालच्या दुकानासमोर उभी होती आणि तंदूरमधून निघणारी केशरी रोटी निरखत होती. बेकरीवाल्याने न मागता तिच्या हातावर एक तुकडा ठेवला.

रात्री खोलीवर मी गाण्याचे शब्द वहीत उतरवले. प्रत्येक गायकाचा पाठ थोडा वेगळा, पण गाभा तोच आहे. डोळ्याला डोळा भिडवून तू माझी छाप, माझा टिळा, सगळे हिरावून घेतलेस. प्रेमाच्या भट्टीची दारू पाजून मला वेडी केलीस. गोऱ्या मनगटातल्या हिरव्या बांगड्यांसकट माझा हात धरलास. रंगरेजा, तुझ्यावरून जीव ओवाळून टाकते, तू मला तुझ्याच रंगात रंगवलेस. आणि शेवटी, खुसरो निजामवर कुर्बान, त्याने मला सुवासिनी केले. खुसरोंच्या काळातले या गाण्याचे हस्तलिखित मिळत नाही, ते कव्वालांच्या तोंडून आलेले आहे. मात्र आपण हिंदवीत काही कविता करून मित्रांना दिल्या, असे खुसरोंनी स्वतःच्या एका दिवाणाच्या, म्हणजे काव्यसंग्रहाच्या, प्रस्तावनेत लिहून ठेवले आहे, त्यामुळे परंपरेला अगदीच आधार नाही असेही नव्हे. मला स्वतःला हा कर्तृत्वाचा वाद फार महत्त्वाचा वाटत नाही. ज्ञानेश्वरांच्या नावावरच्या प्रत्येक विराणीचा असा हिशेब आपण कुठे मागतो?

विराणी, म्हणजे विरहिणीचे गाणे, हा शब्द इथे मुद्दाम वापरला. 'घनु वाजे घुणघुणा' म्हणणारे ज्ञानेश्वर पुरुष आहेत आणि 'वेगीं भेटवा कां' म्हणून कान्ह्यासाठी तळमळणारी त्या गाण्यातली स्त्री आहे. आळंदीचा हा तरुण आणि दिल्लीचे खुसरो समकालीन होते, आणि देवापुढे किंवा गुरूपुढे बोलायचे तर बाईच्या तोंडून बोलावे, ही युक्ती दोघांकडेही आहे. त्यांनी एकमेकांकडून ती घेतली असे मी म्हणत नाही. लोकगीतांत विरहिणी आधीपासूनच उभी होती.

बुधवार : कालकाजीहून पिवळ्या फुलांकडे

सकाळी बऱ्यापैकी थंडी होती आणि रस्त्यावर धुके. आत्याची अट पुरी करण्यासाठी आम्ही कालकाजीला निघालो. वायलेट मेट्रोने जंगपुरा ते कालकाजी मंदिर हा प्रवास सोपा आहे. पंचमीला गर्दी असते म्हणून आठच्या आत पोहोचणे चांगले.

हे देऊळ निवडण्यामागे आत्याची भक्ती होती तसे माझे एक कारण होते. दर्ग्यातल्या वसंताची आख्यायिका या देवीशी जोडलेली आहे. निजामुद्दीनांचा लाडका भाचा तकीउद्दीन नूह तरुण वयात वारला आणि त्या दुःखात औलियांनी हसणे, बोलणे सोडले. एके दिवशी खुसरोंना वाटेत पिवळी वस्त्रे नेसून, हातात मोहरीची फुले घेऊन, गात जाणाऱ्या बायका दिसल्या. कुठे निघालात असे विचारल्यावर त्यांनी सांगितले, की वसंत पंचमी आहे, देवाला फुले वाहायला निघालो आहोत. त्या कालकादेवीला चालल्या होत्या असे दिल्लीत सांगतात. खुसरोंनी स्वतः पिवळी साडी नेसली, फुले घेतली आणि त्या बायकांसारखेच गात-नाचत गुरूपुढे जाऊन उभे राहिले. गुरू हसले. तेव्हापासून दर्ग्यात वसंत साजरा होतो.

ही आख्यायिका आहे आणि ती आख्यायिका म्हणूनच सांगावी. तरी तिच्यातला एक बारकावा मला महत्त्वाचा वाटतो. खुसरोंनी गुरूला उपदेश केला नाही की सांत्वनाचे शब्द शोधले नाहीत, दुसऱ्यांच्या देवाला चाललेल्या बायकांची रीत उचलून आणली आणि स्वतःच्या अंगावर चढवली. आत्याला ही गोष्ट मंदिराच्या पायऱ्यांवर सांगितली तेव्हा ती हसली आणि म्हणाली, "आपल्याकडं भारुडात बाप्ये लुगडं नेसतातच की."

दुपारी दर्ग्याकडे परतलो तेव्हा गल्लीचा रंग बदललेला होता. चादरींच्या दुकानांतून पिवळे दुपट्टे आणि रुमाल विकले जात होते, पोरांच्या डोक्यांना पिवळ्या पट्ट्या होत्या, आणि मोहरीची फुले जुड्या करून, मेथीच्या पेंडीसारखी दोऱ्याने बांधून, टोपल्यांत मांडली होती. मी एक जुडी घेतली. मोहरीला गोड वास नसतो. थोडा तिखट, ओल्या शेताचा वास येतो, आणि बोटांना पिवळी भुकटी लागते ती दिवसभर जात नाही.

गल्लीच्या तोंडाशी आत्या थबकली. कपाळाकडे हात नेऊन म्हणाली, "हा पुसू का? कोणाला वावगं वाटायला नको." मी काही बोलण्याआधीच तिने हात खाली घेतला आणि पदर डोक्यावर ओढून चालू लागली.

दुपारच्या आणि संध्याकाळच्या नमाजांमधल्या वेळात कव्वालांचा ताफा गात गात आला. पुढे पिवळे फेटे बांधलेले वयस्क कव्वाल, त्यांच्या हातांत फुलांच्या जुड्या आणि मागे रेटारेटी करणारी तरुण गर्दी. 'सकल बन फूल रही सरसों' ही ओळ गल्लीच्या भिंतींवर आपटून परत येत होती. मिरवणुकीच्या वेळी खिसा आणि मोबाईल सांभाळावा आणि शक्यतो भिंतीच्या बाजूने चालावे. मी प्रवाहात सापडलो आणि पाय न उचलताच आतल्या अंगणात पोहोचलो.

निजामुद्दीनांच्या कबरीच्या गाभाऱ्यात स्त्रियांना जाता येत नाही, त्या जाळीजवळ बसतात. हे आधी ठाऊक असावे म्हणजे विरस होत नाही. मी आत गेलो तेव्हा कव्वालांनी वाद्यांशिवाय, नुसत्या आवाजात दोन ओळी म्हटल्या आणि चादरीवर फुले पडली. आतले पाच मिनिटांचे ते गाणे मला बाहेरच्या गजरापेक्षा जास्त आवडले. श्वास घ्यायला जागा नव्हती, आणि तरी आवाज कोणी चढवला नाही.

बाहेर आलो तर आत्या जाळीला टेकून बायकांच्या घोळक्यात बसली होती. जाळीला शेकडो लाल-पिवळे दोरे बांधलेले होते. तिच्या शेजारी तिच्याच वयाची, अंगावर शाल लपेटलेली एक बाई होती. ती बाई आत्याच्या कानशिलाकडे बोट करून विचारत होती, "बहन, ये छाप कहाँ की है? हज से आने वालों के तो नहीं देखी."

मी उभ्या उभ्या चमकलो. पुस्तकवाल्यांनी मला अंगठी सांगितली होती आणि मी ती वहीत लिहूनही घेतली होती. इथे बस्तीतली एक बाई गोपीचंदनाच्या मुद्रेला अगदी सहज छाप म्हणत होती, आणि तिला गाण्याची आठवणही झालेली नव्हती. वैष्णव लोक अंगावर शंख-चक्राचे ठसे उमटवतात, त्याला छाप म्हणण्याची रीत उत्तर भारतात आहे. छाप आणि टिळा हे दोन शब्द जोडीने आले म्हणजे ते एकाच अंगावरचे, एकाच सकाळी लावलेले असणार, हे मला आत्याच्या कानशिलावरून कळायला हवे होते. अंगठीचा अर्थ खोटा आहे असे नाही. पण त्या अर्थाने गाणे एका नवरीच्या दागिन्यांपुरते राहते, आणि मुद्रेचा अर्थ घेतला की हिरावले जाते ते सगळे तिचे घराणे, पंथ आणि रोज सकाळी स्वतःवर उठवलेली ओळख.

आत्याने पुरचुंडी काढून पितळी चक्र त्या बाईच्या तळहातावर ठेवले. त्या बाईने ते उलटसुलट करून पाहिले, अंगठ्याने झिजलेल्या आऱ्या चाचपल्या आणि परत दिले. मग कागदाच्या द्रोणातला जर्दा, म्हणजे आपला केशरी भात, आत्यापुढे केला. दोघींनी तो एकाच द्रोणातून खाल्ला. आत्या एरवी कोणाच्या ताटातले उष्टे खात नाही.

परतताना ती म्हणाली, "गाणं बाईचं, गाणारे बाप्ये, आणि बाई जाळीच्या बाहेर." थोडे चालल्यावर पुन्हा म्हणाली, "शिंगणापूरच्या चौथऱ्यावर आम्ही तरी कुठं जात होतो." तिथे २०१६ मध्ये बायकांना चौथऱ्यावर जाता येऊ लागले, त्याला अजून फार वर्षे झालेली नाहीत.

गुरुवार : मेहरौली, आणि रात्रीची कव्वाली

सकाळी मेहरौलीला गेलो. कुतुबमिनार पाहायला येणारे बहुतेक लोक मागच्या गावात शिरत नाहीत, आणि ते चुकतात. तिथे कुतुबुद्दीन बख्तियार काकींचा दर्गा आहे. ते बाबा फरीदांचे गुरू, म्हणजे निजामुद्दीनांचे आजेगुरू. १२३५ मध्ये एका फारसी ओळीवर ते असे तल्लीन झाले की त्यातच त्यांचा देह गेला, असे सांगतात. समर्पणाच्या खंजिराने मेलेल्यांना अदृश्यातून क्षणोक्षणी नवा जीव मिळतो, असा त्या ओळीचा अर्थ आहे. गाणे ऐकताना मरण येणे ही या परंपरेत थोर गोष्ट आहे आणि पुण्यतिथीला उर्स, म्हणजे लग्न, म्हणतात ते याच भावनेने. 'मोहे सुहागन कीन्ही रे' ही ओळ मला इथे उमगली. सुवासिनी होणे म्हणजे त्या लग्नात उभे राहणे.

दर्ग्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर योगमायेचे देऊळ आहे. पावसाळा संपता संपता मेहरौलीत 'फूलवालों की सैर' भरते, तेव्हा फुलांचे पंखे देवळातही वाहतात आणि दर्ग्यात चादरही चढते. मोगल बादशहा दुसऱ्या अकबराच्या काळात सुरू झालेली ही जत्रा इंग्रजांनी १९४२ मध्ये बंद पाडली आणि स्वातंत्र्यानंतर नेहरूंच्या पुढाकाराने ती पुन्हा भरू लागली. २७ जानेवारी १९४८ रोजी, म्हणजे मृत्यूच्या तीन दिवस आधी, गांधीजी या दर्ग्याच्या उर्साला आले होते. फाळणीच्या दंगलीत दर्ग्याची नासधूस झाली होती. आत्या देवळात जास्त वेळ बसली, मी दर्ग्यात, आणि दोघे मिळून कोपऱ्यावरच्या टपरीत छोले-कुलचे खाल्ले.

गुरुवारी संध्याकाळच्या नमाजानंतर निजामुद्दीनच्या अंगणात कव्वाली होते. बसायला जागा हवी असेल तर नमाजाआधीच जावे, खाली अंथरायला पंचा न्यावा, आणि नजराण्यासाठी दहा-वीसच्या सुट्या नोटा ठेवाव्यात. नोट उडवायची नसते, वाकून कव्वालांपुढे ठेवायची असते.

सात-आठ जणांचे बैठे पथक होते. दोन पेट्या, एक ढोलक, आणि मागच्या ओळीतली पोरे टाळ्या देणारी. त्यांतला एक मुलगा दहा वर्षांचाही नसेल. त्याच्या टाळीत किंचित घाई होती, आणि शेजारचा मोठा माणूस न बघताच गुडघ्याने त्याच्या गुडघ्याला स्पर्श करून त्याला लयीत आणत होता. समोरच्या पेटीच्या भात्याला दोन ठिकाणी निळ्या कापडाची ठिगळे लावलेली होती.

'छाप तिलक' आले ते अर्ध्या-पाऊण तासाने. आधी दोहा झाला. प्रियकराकडे जाताना मी माझी छबी सजवून गेले, त्याची छबी पाहिली आणि माझी विसरले. मग पहिली ओळ सुरू झाली आणि मुख्य गायक 'सब' या शब्दावर थांबला. छाप गेली, तिलक गेला, मग 'सब', पुन्हा 'सब', वेगवेगळ्या सुरांवर आठ-दहा वेळा. जणू घरातली एकेक वस्तू बाहेर काढून दाखवत होता. मी घरी शंभर वेळा ऐकलेले गाणे मला तेव्हा नीट ऐकू आले. आजवर माझे लक्ष छाप आणि तिलक यांच्यावर खिळलेले होते, आणि गाण्याचा भार 'सब' वर होता. हिंदूचा टिळा गेला आणि त्याजागी दुसऱ्या कुठल्या धर्माची खूण आली, असे हे गाणे म्हणत नाही. दुसरी खूण लावायला त्याने कपाळच शिल्लक ठेवलेले नाही. त्यामुळे या गाण्याला कोणी धर्मांतराचे म्हणतो आणि कोणी ऐक्याच्या सभेत घोषणेसारखे वापरतो तेव्हा दोघेही 'सब' हा शब्द गाळून वाचतात, असे माझे मत झाले आहे.

आत्या डोळे मिटून बसली होती आणि मांडीवर टाळाचा ठेका धरत होती. तो ढोलकाशी जुळत होता.

शुक्रवार आणि शनिवार : परतीची गाडी

परतीच्या प्रवासात सांगण्यासारखे एकच. ग्वाल्हेर गेल्यावर आत्याने वहीतले गाणे मागून घेतले, 'रंगरेजवा' या शब्दावर बोट ठेवले आणि सोयराबाईंचा अभंग गुणगुणू लागली, 'अवघा रंग एक झाला । रंगी रंगला श्रीरंग.' मला वाटले ती म्हणेल दोन्ही एकच. ती म्हणाली, "सारखं वाटतं, पण सारखं नाही. सोयराबाईत 'मी तूं पण गेलें वायां' आहे. तिथं रंगवणारा आणि रंगलेला वेगळा उरतच नाही. पाहणं पण दूर गेलं म्हणते ती. ह्या गाण्यात मात्र रंगारी समोर उभा आहे, ही त्याच्यावरून ओवाळून टाकते, हात धरलेला आहे, बांगड्या वाजतात. ह्यांचं लग्न लागलंय. सोयराबाईचं लग्न लागून संसारसुद्धा संपलाय." मी हे शब्द त्याच वहीत त्या कव्वालीच्या खाली लिहून ठेवले. देवळाच्या आत पाऊल टाकण्याची ज्यांना बंदी होती त्या सोयराबाई, आणि जाळीच्या बाहेर बसलेल्या बायका, यांच्याबद्दल आम्ही दोघेही त्यानंतर काही बोललो नाही.

रविवार : खुलताबाद

घरी पोहोचून दिल्ली संपली असे झाले नाही, कारण तिचा एक तुकडा आमच्या शहरापासून पंचवीस-तीस किलोमीटरवर आहे. आत्या दर श्रावणात भद्रा मारुतीच्या दर्शनाला खुलताबादला जाते. त्याच गावात निजामुद्दीनांचे शिष्य बुऱ्हानुद्दीन गरीब यांचा दर्गा आहे. मुहंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा दिल्लीची माणसे इकडे आली, त्यांत हे होते. ते १३३७ मध्ये इथेच गेले. त्यांना गाण्याचे इतके वेड होते, की कव्वाली ऐकताना त्यांचे शिष्य एका विशिष्ट पद्धतीने डोलत आणि तिला 'बुऱ्हानी' असे नाव पडले होते.

आणि गावाबाहेर, थोडी आडवाट करून गेले की, अमीर हसन सिजझी यांची कबर आहे. हे खुसरोंचे जिवलग मित्र आणि गुरुबंधू. निजामुद्दीनांच्या बैठकीतली बोलणी १३०८ ते १३२२ अशी चौदा वर्षे ऐकून त्यांनी 'फवायदुल फुआद' मध्ये लिहून ठेवली. औलियांचा आवाज आज कागदावर जो काही ऐकू येतो, तो प्रामुख्याने या माणसामुळे. एक मित्र दिल्लीत गुरूच्या पायाशी झोपला आणि दुसरा आमच्या डोंगरात. मी इतकी वर्षे त्या रस्त्याने वेरूळला गेलो, पण गाडी कधी थांबवली नव्हती. कोणी जाणार असेल तर सकाळी जावे, सोबत पाणी न्यावे आणि पत्ता गावातच विचारावा, कारण वाटेवर खुणेची पाटी मला दिसली नाही.

आत्याने मारुतीला रुईच्या पानांची माळ घातली आणि मग माझ्याबरोबर आली. कबरीजवळ कोणी नव्हते, एक शेळी मात्र सावलीला बसली होती. दिल्लीहून आणलेली मोहरीची जुडी तोवर वाळून तपकिरी झाली होती, तरी मी ती तिथे ठेवली. फुले हाताला लागताच गळून पडली.

दोन दिवसांनी माघी एकादशी होती. आत्याच्या भजनी मंडळात अभंग झाले, मग गौळणींची पाळी आली. एकनाथांची 'नको वाजवू श्रीहरी मुरली' झाल्यावर आत्याने वही उघडली आणि टाळाच्या साध्या ठेक्यावर, गौळणीच्याच चालीत, 'छाप तिलक' म्हटले. शेवटची 'खुसरो निजाम' ची ओळही तिने गाळली नाही. बायकांनी धृपद धरले. गाणे संपल्यावर पखवाजवाल्या काकूंनी विचारले, "ही गौळण कुठली हो, कधी ऐकली नव्हती?"

"दिल्लीची," आत्या म्हणाली, आणि पुढच्या गौळणीसाठी पान उलटले.